कुंपणापलीकडचं बाकडं

बसा. बाकड्याच्या या टोकाला जागा आहे.

27 ऑक्टोबर 1999ची रात्र आहे. तुम्ही न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, यांकी स्टेडियमच्या कुंपणापलीकडे, बुलपेनमध्ये बसला आहात. या शब्दाचा मूळ अर्थ बैलांचा कोंडवाडा. इथे कोंडलेले असतात ते राखीव गोलंदाज. बेसबॉलमध्ये गोलंदाजाला पिचर म्हणतात, आणि सामना सुरू करणारा पिचर थकला की त्याच्या जागी उतरतो तो रिलीफ पिचर. एक नियम तेवढा ध्यानात ठेवा, म्हणजे या बाकड्यावर सगळे इतके गप्प का आहेत ते कळेल. मैदानाबाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात पुन्हा उतरू शकत नाही. चार षटकं टाकली, सीमारेषेवर जरा दम खाल्ला, मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा चेंडू घेतला, ही क्रिकेटमधली सोय इथे नाही. आणि सामना अनिर्णितही सुटत नाही. एकूण नऊ डाव, प्रत्येक डावात तीन बाद, आणि बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत पुढे चालू.

फोन वाजतो. प्रशिक्षकाला कोण हवंय ते सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या शेजारून एक सडपातळ माणूस उठतो. पाठीवर 42 आकडा. त्याची घाई दिसत नाही. चेंडू टाकताना त्याचा हात इतका सहज फिरतो की पाहणाऱ्याला वाटावं, हा अजून सरावच करतोय. मग कुंपणातलं दार उघडतं, मेटालिकाच्या ‘एंटर सँडमन’ची गिटार स्टेडियमभर दणाणते आणि पन्नास हजारांहून जास्त माणसं उभी राहतात. हे गाणं त्याने निवडलेलं नाही. याच वर्षापासून स्टेडियमवाल्यांनी ते त्याच्यासाठी वाजवायला सुरुवात केली. तो मात्र खाली मान घालून, संथ धावत, मधल्या उंचवट्याकडे चालला आहे. त्याचं नाव मारियानो रिवेरा. अंतिम मालिकेचा चौथा सामना आहे, यांकीज पुढे आहेत, आणि ही आघाडी शेवटच्या बादपर्यंत सांभाळणं एवढंच त्याचं काम आहे. अशा पिचरला क्लोजर म्हणतात.

आता बाकडं सोडा आणि बॅट हातात घ्या. अटलांटाचा डावखुरा रायन क्लेस्को उभा आहे त्या जागी क्षणभर उभे राहा. समोर साडेअठरा मीटरवर, दहा इंच उंच मातीवर तो आहे. चेंडू तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागणार नाही. तो सरळ येतोय. तुम्हाला तो दिसतोय, नीट दिसतोय, तुम्ही बॅट फिरवता, आणि शेवटच्या दोन-तीन हातांच्या अंतरात चेंडू तुमच्या मुठीकडे सरकतो. कडकन आवाज होतो. हातात नुसती मूठ उरली आहे. दुसरी बॅट घ्या. पुन्हा तेच. तिसरी घ्या. त्या रात्री क्लेस्कोच्या एकाच पाळीत तीन बॅट मोडल्या, आणि अटलांटाचाच चिपर जोन्स आपल्याच माणसाची ती अवस्था पाहून बाकावर हसू आवरू शकला नाही.

या चेंडूला कटर म्हणतात. लेग कटर पाहिलेल्या डोळ्यांना त्याची दिशा ओळखीची वाटेल. उजव्या हाताने टाकलेला चेंडू डावखुऱ्याच्या अंगात शिरतो आणि उजव्या फलंदाजापासून दूर जातो. फरक इतकाच की इथे टप्पा नाही. जे घडायचं ते हवेतच, आणि फार उशिरा. या माणसाने कारकिर्दीतला बहुतेक काळ जवळपास हाच एक चेंडू टाकला. फलंदाजांना तो येणार हे ठाऊक असायचं.

त्या रात्री यांकीज जिंकले, आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं. पण तुम्हाला मी इथे आणलं ते ही रात्र दाखवायला नाही. जिंकलेल्या रात्री सगळ्या क्लोजरांच्या सारख्याच असतात. चला, कुंपणातलं ते दार पुन्हा ढकला.

पायाखाली ओला चिखल लागतो. वास माशांचा आहे, ओल्या जाळ्यांचा आणि मासळीचं पीठ दळणाऱ्या कारखान्याचा. कोकणातल्या कुठल्याही बंदराच्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. हे पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं पुएर्तो काइमितो. सत्तरचं दशक संपत आलंय. ओहोटी लागली आहे आणि पाणी लांबवर मागे हटलंय. या आखातात भरती-ओहोटीचा फरक दोन पुरुषांहून जास्त असतो, त्यामुळे दिवसातून काही तास मुलांना आयतं मैदान मिळतं. त्या मैदानावर दहा-बारा मुलं खेळताहेत. हातमोजे दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे, बॅट म्हणजे झाडाची फांदी, आणि चेंडू फाटक्या जाळ्याचा बोळा करून वर चिकटपट्टी गुंडाळलेला. काटकुळा, लांब हातांचा मुलगा दिसला का? तो पिचर नाहीये. त्याला फुटबॉलपटू व्हायचंय.

जन्म 29 नोव्हेंबर 1969चा. ज्या ‘सेव्ह’ या आकड्यात पुढे त्याचं सगळं आयुष्य मोजलं जाणार होतं, ती संकल्पना शिकागोचा क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन याने मांडलेली. आपल्या संघाची निसटती आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्याच्या नावावर एक सेव्ह. तिची अधिकृत नोंद ठेवायला सुरुवात झाली तीही 1969 सालीच. योगायोगच, पण मला तो आवडतो.

वडील मासेमारी बोटीचे कप्तान. घोट्याच्या दुखापतींनी फुटबॉल सुटला आणि सोळाव्या वर्षी मुलगा वडिलांच्या बोटीवर तारलीच्या मागे जाऊ लागला. हे काम त्याला कधीच आवडलं नाही. एकोणिसाव्या वर्षी 120 टनी बोट कलंडायला लागली तेव्हा ती सोडून त्याला जीव वाचवावा लागला. ते पाणी तुम्हाला दाखवणार नाही. इतकंच, की ज्याने हे पाहिलंय त्याला पुढे नवव्या डावातल्या भीतीचं माप निराळं वाटलं असेल. हा माझा तर्क आहे, त्याच्या तोंडचं वाक्य नव्हे.

1989मध्ये तो पनामा ओएस्ते संघाकडून क्षेत्ररक्षक म्हणून खेळत होता. एका सामन्यात संघाचा पिचर बेदम मार खाऊ लागला आणि हा म्हणाला, मी टाकून बघतो. इतक्या साध्या कारणाने सुरुवात झाली. सोबत्यांनी त्याचं नाव यांकीजच्या माणसांच्या कानावर घातलं. हर्ब रेबर्न नावाच्या खेळाडूपारखी गृहस्थांनी वर्षभरापूर्वी याच मुलाला पाहून नाकारलं होतं. आता ते पुन्हा आले. वेग काही डोळे दिपवणारा नव्हता, पण हात कसा मोकळा फिरतोय ते त्यांनी पाहिलं. 17 फेब्रुवारी 1990ला करार झाला. रक्कम अडीच-तीन हजार डॉलर.

त्यानंतर विमान. तो पहिल्यांदाच विमानात बसतोय. फ्लोरिडातल्या टॅम्पाला उतरल्यावर आजूबाजूचं एक अक्षर कळत नाही. आईवडिलांच्या घरी फोन नाही, म्हणून पत्रं लिहायची. त्या पहिल्या उन्हाळ्यात त्याने 52 डाव टाकले आणि त्यात त्याच्या खात्यावर मांडली गेलेली धाव फक्त एक. तरीही कुणी चमकून पाहिलं नाही, कारण खालच्या पायरीवर असे आकडे दरवर्षी कुणाचे तरी असतात. 1992मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षअखेर फ्लोरिडा आणि कोलोरॅडो हे दोन नवे संघ इतर संघांचे खेळाडू उचलत होते. यांकीजनी राखून ठेवलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणजे तो उचलायला मोकळा होता. दोघांनीही उचलला नाही.

23 मे 1995. पहिला मोठा सामना, कॅलिफोर्नियात, एंजल्सविरुद्ध. पहिल्या चेंडूपासून तो पिचर म्हणून उभा आहे, आणि चौथा डाव संपण्याआधी बाहेर आहे. पाच धावा दिल्या, संघ 0-10 हरला. काही आठवड्यांनी त्याला खालच्या संघात परत धाडलं. आणि तिथे काय झालं कोण जाणे, चेंडूचा वेग अचानक ताशी 95 मैलांच्या घरात गेला. डेट्रॉइटला त्याला देऊन दुसरा पिचर घेण्याची बोलणी चालली होती. हा आकडा हातात पडताच व्यवस्थापक जीन मायकल यांनी ती थांबवली. 4 जुलैला शिकागोत तो आठ डाव टिकला आणि 11 फलंदाज चकवून बाद केले. पुढच्या वर्षी क्लोजर जॉन वेटलँडच्या आधी येणारा माणूस म्हणून तो असा काही खेळला की 1996चं अजिंक्यपद यांकीजकडे आलं. वेटलँड गेला आणि 1997मध्ये नवव्या डावाची चावी याच्या हाती आली.

इथे जरा थांबा. जून 1997, डेट्रॉइट, सामन्याआधीची दुपार. स्टँड रिकामे आहेत. रिवेरा आणि रामिरो मेंडोसा, दोघेही पनामाचे, समोरासमोर उभे राहून हात मोकळे करताहेत. नुसती फेकाफेकी. आणि मेंडोसा वैतागतो. त्याच्या हातमोज्यापाशी येऊन चेंडू दर वेळी कडेला पळतोय. त्याला वाटतं, हा मुद्दाम काहीतरी करतोय. रिवेरा बोटं दाखवतो. पकड नेहमीचीच. पुन्हा टाकतो, चेंडू पुन्हा पळतो.

यानंतरचे दिवस मला या कारकिर्दीतले सगळ्यात मोलाचे वाटतात. ही दोघं माणसं, तो आणि बुलपेनमध्ये त्याचे चेंडू झेलणारा माइक बोर्झेलो, तो चेंडू सरळ करायच्या खटपटीला लागली. ही खोड आहे, ती घालवायची, असंच त्यांना वाटत होतं. चेंडू काही सरळ होईना. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि आहे तसा टाकायचं ठरवलं. रिवेरा पुढे कायम सांगत आला की ही देवाची देणगी आहे. तुम्ही देव माना किंवा मानू नका, त्या दुपारी तिथे उभं राहिल्यावर एवढं दिसतं की त्याने ती शोधली नव्हती आणि आल्यावर तिच्यावर मालकीही सांगितली नाही.

त्याच वर्षी 15 एप्रिलला 42 हा आकडा सगळ्या संघांतून निवृत्त झाला होता. काळ्या खेळाडूंना बंद असलेलं दार पन्नास वर्षांपूर्वी उघडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा तो आकडा. ज्यांच्या पाठीवर आधीपासून होता त्यांना ठेवायची मुभा मिळाली. एकेक जण निवृत्त होत गेला आणि रोज 42 घालणारा शेवटचा माणूस हा उरला.

आता श्वास घ्या. पुढचं दार जड आहे.

4 नोव्हेंबर 2001, फिनिक्स, ॲरिझोना. अंतिम मालिकेचा सातवा सामना. न्यूयॉर्कमध्ये मनोरे कोसळून आठ आठवडेसुद्धा झालेले नाहीत. यांकीजच्या विजयाला त्या शहरात या दिवसांत वेगळाच अर्थ आला आहे. आठव्या डावात 2-1 अशी आघाडी मिळाली आहे आणि चेंडू रिवेराकडे आहे. निर्णायक फेऱ्यांमध्ये सलग 23 वेळा त्याने आघाडी राखली आहे. आठव्या डावात तो तिघांना चकवून बाद करतो. आता तीन बाद हवेत.

तुम्हाला शेवट माहीत असेल तर कुणाला सांगू नका. सांगून उपयोगही नाही.

मार्क ग्रेस चेंडू मधोमध मारून पहिल्या थांब्यावर, म्हणजे बेसवर, पोहोचतो. पुढचा फलंदाज चेंडू नुसता ढकलतो. रिवेरा तो उचलतो, वळतो, दुसऱ्या थांब्याकडे फेकतो, आणि फेक चुकते. चेंडू मैदानात निघून जातो. हा हात चुकत नाही, निदान अशा वेळी नाही. पुन्हा एकाने ढकललेला चेंडू. या वेळी फेक अचूक, एक बाद. मग टोनी वोमॅक उजवीकडे फटका मारतो आणि बरोबरी होते. पुढच्या फलंदाजाला चेंडू लागतो. तिन्ही थांबे भरले. आता एक धाव म्हणजे सगळं संपलं, म्हणून क्षेत्ररक्षक जवळ बोलावले आहेत. लुईस गोन्झालेस बॅट जरा आखूड धरून उभा आहे. कटर आत शिरतो. शिरायला हवा तिथेच शिरतो. बॅटला तो नीट बसतही नाही, नुसता उडतो, यांकीजच्या डेरेक जीटरच्या डोक्यावरून, आणि जीटर नेहमीच्या जागी असता तर ज्या गवतावर त्याने तो सहज झेलला असता तिथे पडतो.

3-2. माणसं मैदानात धावताहेत. तुम्ही बुलपेनच्या दारात उभे आहात आणि तो तुमच्यासमोरून, जसा आला होता तसाच, खाली मान घालून निघून जातोय.

थोडं थांबा, आठ दिवस जाऊ द्या. 12 नोव्हेंबरला न्यूयॉर्कहून डॉमिनिकन रिपब्लिकला निघालेलं 587 क्रमांकाचं विमान क्वीन्समधल्या वस्तीवर कोसळलं. 265 माणसं गेली. रिवेराचा सहखेळाडू एन्रिके विल्सन याच विमानाने घरी जाणार होता. संघ जिंकला असता तर शहरात मिरवणूक निघाली असती आणि तो त्यासाठी थांबला असता. हरल्यामुळे मिरवणूक नव्हती, म्हणून तो आधीच निघून गेला होता. रिवेराने नंतर सांगितलं, हरलो याचा मला आनंद आहे, कारण माझा मित्र आहे. त्या 265 जणांच्या घरांना या हिशेबात काही मिळत नाही, हे मी विसरलेलो नाही. पण त्या माणसाने आपल्या सगळ्यात मोठ्या पराभवाकडे कुठे उभं राहून पाहिलं, ते या वाक्यातून कळतं.

आणि पुढच्या वसंतात तो पुन्हा बाकड्यावर बसला होता. मला सांगायचंय ते हेच. सामना सुरू करणारा पिचर हरला तर पुढच्या पाळीआधी त्याला चार-पाच दिवस मिळतात. रिलीफ पिचरचा फोन दुसऱ्याच रात्री वाजू शकतो. रिवेराच्या नियमित हंगामांत 652 सेव्ह आहेत. इतके कुणाचेच नाहीत. पण आघाडी हातातून निसटल्याच्या त्याच्या 80 रात्रीही त्याच वहीत नोंदलेल्या आहेत. 80 वेळा तो घरी गेला, झोपला किंवा झोपला नाही, आणि परत येऊन याच बाकड्यावर बसला.

12 ऑक्टोबर 2004ला तो पनामाहून थेट मैदानात आला. त्याच्या तिथल्या घरच्या जलतरण तलावात विजेचा धक्का बसून दोन नातेवाईक गेले होते. त्यांचं दफन करून तो विमानात बसला आणि सामना सुरू झाल्यावर पोहोचला. फोन वाजला. आघाडी राखली. पाच दिवसांनी बोस्टनमध्ये, मालिका जिंकायला तीन बाद उरले असताना, त्याने एका फलंदाजाला फुकट थांबा दिला, त्याच्या जागी आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा थांबा चोरला, आणि आघाडी गेली. पुढच्या रात्रीही गेली. बोस्टनने ती मालिका फिरवली आणि 86 वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं.

म्हणून 11 एप्रिल 2005ला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डोकवा. अजिंक्यपदाच्या अंगठ्या वाटल्या जाताहेत. पाहुण्या संघाची नावं पुकारताना ‘रिवेरा’ येतं आणि सारं मैदान आनंदाने आरोळी ठोकतं, तूच आम्हाला हे दिलंस म्हणून. त्याचा चेहरा बघा. तो हसतोय. मनापासून हसतोय, आणि टोपी काढून सगळ्यांना हलवून दाखवतोय.

2009चं अजिंक्यपद, 2011मध्ये 602वा सेव्ह आणि ट्रेव्हर हॉफमनचा मागे पडलेला विक्रम, हे सगळं स्टेडियमच्या फलकांवर लिहिलेलं आहे. निर्णायक फेऱ्यांमध्ये 141 डावांत त्याच्या नावावर मांडल्या गेलेल्या धावा अवघ्या 11 आहेत. चंद्रावर चाललेली माणसं 12.

मे 2012, कॅन्सस सिटी. सामन्याआधी फलंदाजांचा सराव चाललाय आणि हा लांब मैदानात धावून उंच उडालेले चेंडू झेलतोय. हा त्याचा आवडता उद्योग. पुएर्तो काइमितोतला तो मुलगा बघायचा तर इथे, रोज दुपारी. 3 तारखेला भिंतीजवळ गुडघा दुमडला आणि आतला अस्थिबंध फाटला. वय 42. दुसऱ्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, मी परत येतोय. असा संपणार नाही.

2013च्या त्या निरोपाच्या हंगामात परक्या गावी गेला, की मैदानावर वर्षानुवर्षं राबणाऱ्यांना भेटायची इच्छा तो कळवायचा. तिकीट फाडणारे, गवत कापणारे, खाणं विकणारे. एका खोलीत बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचा आणि आभार मानायचा. मिनेसोटाने त्याला मोडलेल्या बॅटींची झुलती खुर्ची भेट दिली.

26 सप्टेंबर 2013. शेवटचं दार. घरचं मैदान, पण राखायला आघाडी नाही. यांकीज चार धावांनी मागे आहेत आणि हरणार आहेत. या वेळी सेव्ह मिळणार नाही. तरी गाणं वाजतं आणि तो त्याच चालीने येतो. चार फलंदाज, चार बाद. एक बाद उरला असताना त्याला बाहेर न्यायला प्रशिक्षक येत नाही. अँडी पेटिट आणि डेरेक जीटर येतात, अठरा वर्षांचे सोबती. पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडतो, आणि बराच वेळ रडतो. पेटिट त्याला सोडत नाही.

सामना संपतो. बाकीचे आत जातात. तो एकटाच बाकावर बसून राहतो. मग उठून मैदानाच्या मधोमध जातो, त्या उंचवट्यावर, वाकतो आणि मूठभर माती उचलतो.

पाच वर्षांनी 425पैकी 425 मतदार त्याच्या नावावर खूण करतील. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात एकमताने जाणारा पहिला माणूस. तिथे तुम्हाला नेत नाही. त्याऐवजी कुंपणातलं दार ढकला, अजून उघडंच आहे.

चिखल मऊ झालाय. पाणी पहिल्या थांब्यापर्यंत आलं आहे; तो थांबा म्हणजे एक चपटा दगड, आता अर्धा बुडालेला. मुलं खोक्यांचे मोजे गोळा करताहेत. काटकुळा मुलगा मात्र अजून मागे आहे, फांदीवाल्याला हाताने खुणावतोय, एक अजून, पाणी गुडघ्याला लागेपर्यंत एक अजून. जाळ्याचा बोळा भिजून जड झालाय. तो त्याला हातात फिरवतो, पाणी निथळवतो आणि टाकतो.